वादांची भावकी

जगातले सगळे वाद एकमेकांचे नातलग आहेत, यावर आमच्या मामेसासऱ्यांइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस श्रीरामपुरातच काय, पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, विषय काही सुटला नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी नोकरीबिकरी विचारलीच नाही. "जावईबापू, तुम्ही कुठल्या वादाचे?" मी घाबरून म्हणालो, कुठल्याच नाही. "म्हणजे उदारमतवादी!" मामा खूश झाले. "भांडवलशाहीचे मेहुणे. बहीण त्या घरात दिलीय, त्यामुळे तोंडावर काही बोलता येत नाही."

ही भावकी त्यांना कुठेही आठवते. एकदा पाथर्डीच्या एसटीत शेजारच्या बाईंना ते समजावत होते, की साम्यवाद आणि समाजवाद हे सख्खे चुलतभाऊ, पण वाटणीवरून बोलणं बंद. "मंग मोजनी आना की, गुर्जी," बाई म्हणाल्या. "सरकारी मान्सानं खुंटी ठोकली का मिटतंय." मामा सीटवरून उठलेच. "अहो, सरकार कोणाचं, याच्यावरूनच तर भांडण हाय!" बाईंना खरोखरच वाईट वाटलं. उतरेपर्यंत त्या दोघा भावांसाठी हळहळत होत्या. साखर कारखान्याचा विषय निघाला तर मामा सांगतात, "सहकाराची आई समाजवादाच्या घरची, बाप भांडवलशाहीच्या. दोन्हीकडून लाड झाले, पोरगं वाया जाता जाता राहिलं."

पण खुद्द मामांचं सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं बंद होतं, आणि ते त्यांना आतून फार खायचं. भाऊ कापसाचा व्यापारी. एका नाताळच्या जेवणात मामा म्हणाले, कापसाला सरकारने हमीभाव द्यावा. भाऊ म्हणाला, भाव बाजारच ठरवणार. शब्दाने शब्द वाढला आणि मामा भर पंगतीत बोलून गेले, "तू भाऊ न्हाईस, भांडवलशाही हायेस!" भाऊ ताटावरून उठला. घरं भिंतीला भिंत लागून, तरी कित्येक वर्षं एक शब्द नाही. पलीकडे भावाला खोकला लागला की मामा टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसायचे. मामी म्हणायच्या, "जाऊन बोला ना एकदा." "तात्त्विक प्रश्न आहे," असं म्हणून मामा पुन्हा आवाज वाढवायचे.

गेल्या वर्षी भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. घरातल्या थोरल्याने उभं राहून व्याह्यांना आपल्या एकेका माणसाची ओळख करून द्यायची, ही आमच्याकडची पद्धत. आपल्याला बोलावतात की नाही, या काळजीने मामांचं जेवणावरचं लक्षच उडालं. आदल्या संध्याकाळी भाऊ दारात आला. चप्पल न काढताच, जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, उद्या नाती सांगायला तूच पायजेस. मला न्हाई जमायचं." 

चर्चच्या हॉलमध्ये मामांनी आत्या, मावश्या, साडू, सगळे बिनचूक सांगितले. मग भावापाशी आले. शेजारी मामी पुटपुटल्या, "देवा, आता वाद नको." मामांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हा... हा माझा धाकटा," एवढंच म्हणाले, आणि आयुष्यभर बोलत आलेल्या त्या माणसाला पुढचा शब्द सुचेना. चष्मा काढून पुसत राहिले. मामा मला नेहमीच आवडत आलेत, पण इतके कधी आवडले नव्हते.

"फुडं बोल की, दादा," भाऊ हळूच म्हणाला. "पाव्हणे ताटकळलेत."