पान एकशे बारा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आधी संपतबद्दल सांगते. ते सोपं आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं. संपत नाशिकच्या कोर्टात वकील आहे. चांदवडजवळच्या खेड्यातला, कांदा पिकवणाऱ्या घरातला, जन्मापासून दृष्टी नाही. माझा नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला राहत्या घरातून काढायचं ठरवलं, तेव्हा चार वर्षं तो माझ्यासाठी लढला. समोरचा वकील तावातावानं एखादा कागद फडकवायचा, आणि त्याच कागदाच्या तिसऱ्या परिच्छेदात काय आहे ते संपत शांतपणे तोंडपाठ सांगायचा. आज ज्या खिडकीशी बसून मी लिहिते आहे ती त्याच्यामुळे माझी आहे. त्याचे उपकार फिटायचे नाहीत — आणि मी त्याच्याशी काय केलं होतं?

आम्ही तेव्हा विशीत होतो. कॅसेटचे दिवस. आमच्या कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून कॅसेट भरायच्या आणि दिसेल त्या कॉलेजकन्येला कामाला जुंपायच्या. मलाही जुंपलं, कौतुक व्हायचं म्हणून मी टिकले. नियम दोनच — वाचताना पंखा बंद, आणि नवं पान सुरू झालं की त्याचा नंबर मोठ्यानं म्हणायचा. ‘पान एकोणीस.’ ‘पान वीस.’ आपण पुस्तक चाळू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्या आकड्यांच्या आधारानं तो पुस्तकात चालतो.

माझ्याकडे संपतचं पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक आलं. तो सिडकोत खोली घेऊन राहायचा आणि दर आठवड्याला कॅसेट न्यायला यायचा. माझ्याच वयाचा, पण पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. “ताई, तुमचा आवाज लय साफ हाय,” दारातूनच सुरुवात. मी दिवसभर फुगून असायचे.

आता — तो शनिवार. मैत्रिणी सोमेश्वरच्या धबधब्यावर निघाल्या होत्या. कॅसेट सोमवारी द्यायची होती, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि पुस्तक काही केल्या संपेना. मी पुढची पानं चाळली. पुढचं प्रकरणच बावीस पानांचं होतं. आणि मनात आलं — त्याला कुठं दिसतंय?

हो, अगदी याच शब्दांत आलं. दमले होते, वय लहान होतं, असं काही म्हणू का? नको. त्याला डोळे असते तर मी हे केलं नसतं. दिसत नव्हतं म्हणून केलं.

पण नंबर? एकशे अकरानंतर एकदम एकशे चौतीस म्हटलं असतं तर त्यानं तिथंच पकडलं असतं. म्हणून मी पेन्सिल घेतली आणि उरलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बावीस वजा करून आकडा लिहिला. एकशे चौतीसवर एकशे बारा. “पान एकशे बारा,” मी म्हटलं, माझ्या साफ आवाजात. पुढे पुस्तक संपेपर्यंत दर पानाला एकदा मी त्याच्याशी खोटं बोलले. जीभ एकदाही अडखळली नाही. सोमेश्वरला मजा आली, तेही सांगून टाकते.

त्या बावीस पानांत काय होतं? कबुलीजबाबाचं प्रकरण. कोर्ट कोणता मानतं, कोणता नाही, ते सगळं. हसा खुशाल. परीक्षेत त्यावर दोन मोठे प्रश्न आले. लेखनिक पेन धरून बसून राहिला, आणि त्याला सांगायला संपतकडे काही नव्हतं.

तो नापास झाला. वडील गावाहून न्यायला आले. आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, “लय झालं शिक्षण. देवळात पेटी वाजवंल, दोन घास खाईल.” संपत शेजारी मान खाली घालून बसला होता. मी चहा आणून दिला.

तेव्हा बोलता आलं असतं ना? एक वाक्य पुरलं असतं. पण तोच म्हणाला, “ताईंची चूक नाय, आबा. पानांचे नंबर ओळीनं होते, मला पक्कं ठावं हाय. मीच ऐकता ऐकता झोपलो असंल.” कॅसेट तोवर पुसून दुसऱ्या पुस्तकासाठी वापरल्या होत्या. तपासायला काही उरलं नव्हतं. आणि मी म्हटलं — “होतं असं कधी कधी.”

संपतनं वडिलांकडून सहा महिने मागून घेतले. मी पेन्सिलीचे आकडे खोडले आणि ते पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचलं, बावीस पानांसकट. तो पास झाला. ते प्रकरण कॅसेटवर सापडल्यावर तर त्याची खात्रीच पटली, की पहिल्या वेळी आपल्यालाच झोप लागली. मी एकच पुस्तक दोनदा वाचलं म्हणून गावाहून कांद्याची गोणी आली. आम्ही ते कांदे उन्हाळाभर खाल्ले.

तेव्हापासून संपत बसून ऐकत नाही. झोप लागू नये म्हणून उभा राहतो. आता संगणक त्याला वाचून दाखवतो, इतका भराभर की मला एक शब्द कळत नाही. तरी हा टेबलाला टेकून उभाच. पायाच्या शिरा फुगल्या आहेत. डॉक्टर बसा म्हणतात, तो ऐकत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं मला ऑफिसात बोलावलं. त्याच्या हाताखाली दोन तरुण वकील मुली आल्या आहेत. दोघींनाही दिसत नाही. त्यांना म्हणाला, “माझ्या झोपेपायी एक परीक्षा गेली. या ताईंनी तेच पुस्तक दोनदा वाचलं, म्हणून मी आज वकील आहे.” एकीनं चाचपत माझा हात हातात घेतला. दुसरी म्हणाली, “मग सर, आम्हीपण उभं राहूनच ऐकू.”

मी पहिलीचा हात थोपटला.

मला त्याच्याबद्दल वाटते ती कृतज्ञता खोटी नाही. राहतं घर, शांत झोप, पुन्हा माणसांत वावरायचा धीर — सगळं त्यानं दिलं, आणि मी कोण आहे हे माहीत नसताना दिलं. तुम्हाला सांगून झालं, आता हेच लिहिलेलं आज त्यालाही पाठवते आहे. माफी मागत नाही. ती द्यायची की नाही याचं ओझं त्याच्यावर कशाला?

संपत, त्या मुलींना खुर्च्या दे. तूही बस. ती बावीस पानं मी वाचलीच नव्हती. तू झोपला नव्हतास.