आधी तिला बसू द्या

सायकलवर टांग टाकायच्या आधी चेअरमन सीटवर तळवा ठेवायचे, हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबायचे आणि सीट अलगद खाली गेली की म्हणायचे, "आधी तिला बसू द्या. मग आपून."

सायकल डोंगरी होती. खटका दाबून भार दिला की सीटखालचा दांडा आत जातो, भार काढून पुन्हा दाबला की वर येतो. आम्ही त्याला ड्रॉपर म्हणतो. तो खरा उतारासाठी. पण चेअरमनच्या गुडघ्यामुळे टांग फार वर जात नसे, म्हणून सीट खाली गेल्याशिवाय त्यांना बसताच यायचं नाही.

ते सारोळ्याकडच्या एका दूध संस्थेचे माजी चेअरमन. त्यातला 'माजी' आम्ही त्यांच्यासमोर गिळायचो. निवडणूक हरल्यावर घरी कोणी फिरकेना, तेव्हा मुलाने ही सायकल आणून दिली आणि ते दर रविवारी नसरापूरला आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात येऊ लागले. मी भोरच्या शाळेत शिकवतो, म्हणून मला 'सर' म्हणायचे.

सुरुवातीलाच सीट अडकली. पाहतो तर दांडा धरणारी कडी त्यांनी जीव खाऊन आवळलेली.

"सैल ऱ्हायली तर कुणी सीट काढून न्हेईल की," ते म्हणाले.

असे चेअरमन तुम्हीही पाहिले असतील. मी कडी थोडी सैल केली आणि सीट वर आली. ते बघतच राहिले. "लई आवळलं की वर येत न्हाई व्हय," एवढंच म्हणाले.

मग देखभालीचा ध्यास लागला. दांडा पुसायला त्यांनी सत्काराच्या शाली काढल्या. घरी ट्रंकभर होत्या. पुसता पुसता न्यायनिवाडाही चाले. "ही आमदारांची. नुसते दोरे सुटत्यात." "ही पतसंस्थेची. पानीच टिपत न्हाई." पासलीच्या भजनी मंडळाची तेवढी कामाची निघाली, ती ते धुऊन पुन्हा वापरायचे. मग रबराच्या कडेला तेलाचा थेंब. कोणी खाली गेलेल्या सीटला धरून सायकल उचलली की ओरडायचे, "सोडा ती! आत हवा शिरती." हवा शिरली की काय होतं, हे आमच्यात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पासलीच्या उतारावर सीट खाली घेऊन ते सुटले की पायथ्यापर्यंत हसत असायचे. पदावर होते तेव्हा त्यांचं हसू मी फक्त फ्लेक्सवर पाहिलं होतं. हा माणूस मला फार आवडायला लागला होता.

पुन्हा निवडणूक लागली. पॅनेलवाल्यांच्या गाड्या त्यांच्या दारात दिसू लागल्या. मला धास्ती वाटली, मी सरळ विचारलं, "चेअरमन, उभे राहणार?"

"न्हाई सर. हितं बरं हाय. कुणी पाया पडत न्हाई, आन् झोप लागती."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. बिनविरोध निवडून आले.

बरेच रविवार वाट पाहून मी संस्थेत गेलो. त्यांची सायकल शेडमध्ये दुधाच्या कॅनना टेकून उभी होती, सीट खाली, कडीभोवती धूळ घट्ट बसलेली. खटका दाबला, पण ती वर येईना.

आत माणसांची दाटी होती. म्हणालो, "चेअरमन, ड्रॉपर अडकलाय. रविवारी या, आपण मिळून सोडवू."

ते सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "सेक्रेटरींना सांगा. ते बगतील."

सेक्रेटरी नवे होते, पण भले. लगबगीने माझ्याबरोबर शेडपर्यंत आले, सायकलकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "ही तुमची का, सर?"