बांबूपलीकडचा नवरदेव

वागियेम या बाईचा आवाज गाडीच्या भोंग्याच्याही वरताण होता. कारांगजाती गावातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी रुळांवरून वाट पाडली, पण तिथे फाटक बसवायला कुणी आलं नाही. मग वागियेमनेच रुळांच्या दोन्ही बाजूंना बांबू आडवे केले, एका दोरीने ते खालीवर होतील अशी सोय केली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि तिथेच ठाण मांडलं. गावप्रमुख असो की मशिदीतले इमाम, बांबूपाशी सगळ्यांची सारखीच खरडपट्टी.

“स्वर्गात जायची घाई असेल तर दुसऱ्या वाटेने जा! ही वाट बाजाराची आहे!”

तिचा नवरा सार्जो इथेच गेला होता. एक गाडी निघून गेली, तो बिनघोर रुळांवर चढला आणि दुसऱ्या रुळावरून उलट बाजूने दुसरी आली. त्याचं दफन झालं आणि वागियेम बांबू तोडायला गेली.

कसिमान हा विधुर माणूस मांसाच्या गोळ्यांचं सार विकायचा. एकदा त्याने आपला गाडा बांबूखालून घुसवायचा प्रयत्न केला आणि वागियेमने त्याला असं काही फैलावर घेतलं, की गडी प्रेमातच पडला. तेव्हापासून तो नेमका गाडीच्या वेळेलाच यायचा. तिथल्या रीतीप्रमाणे ती त्याला मानाने ‘पाक’ म्हणायची आणि तो तिला ‘बू’, म्हणजे बाई.

“पाक कसिमान, गाडी गेली. आता निघा की!”

“थांबतो, बू. दुसरी बघून जातो.”

अख्खं गाव गालात हसायचं. वागियेम मात्र मनातून घाबरलेली होती. पुन्हा कुणावर जीव लावायचा आणि पुन्हा त्याला या रुळांवर सोडायचं? तरी शेवटी ती हो म्हणाली, कारण सार फारच चविष्ट होतं, असं ती सांगते.

लग्नाच्या दिवशी ती रुळांलगतच्या घरात नटून बसली. कपाळावर काळ्या रंगाची महिरप, केसांत जाईच्या माळा. नवरदेव दारात येईपर्यंत नवरीने उंबरा ओलांडायचा नाही. दोरी धाकट्या दिराच्या, पार्जानच्या हाती दिली होती.

वरात पलीकडून रुळांपाशी आली. पूल किंवा रूळ ओलांडताना वरातीने इडापिडा टळावी म्हणून जिवंत कोंबडी सोडायची, आणि जो पकडेल त्याची ती! कोंबडी सुटली ती थेट रुळांवर. तिच्यामागे अर्धी वरात धावली, आणि दोरी टाकून सगळ्यांत पुढे पार्जान!

तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला.

वागियेम उठलीच. “अगं, उंबरा! उंबरा!” बायका ओरडल्या. तिने उंबरा ओलांडला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, कमरपट्ट्यात लपवलेली शिट्टी काढली आणि दोरी खेचली.

“उतरा खाली, मेल्यांनो! जेवायला आलात की मरायला?”

माणसं दोन्हीकडे गडगडत उतरली. पार्जान मुठीत शेपटीची दोन पिसं घेऊन तिच्या पायांशी येऊन पडला. “वहिनी, थोडक्यात हुकली गं!”

गाडी धडधडत निघून गेली. बांबू मात्र खालीच.

“बू, शुभवेळ टळतेय!” अलीकडे अडकलेले काझी कळवळले.

“नवरीच वरात अडवते, हे बाई पहिल्यांदाच पाहिलं!” पलीकडून कसिमानची बहीण ओरडली आणि बांबूखालून वाकली. तिच्यामागे आणखी चारजण वाकले. वागियेमने ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बसला होता. पलीकडे तिला फक्त कसिमान दिसत होता.

कसिमानने बहिणीच्या पदराला धरून तिला मागे ओढलं आणि आपल्याच वरातीसमोर हात पसरून उभा राहिला. डोक्यावरची टोपी तिरकी झालेली, गळ्यातला जाईचा हार पाठीवर गेलेला.

“कुणी हलायचं नाही! दुसरी बघून जायचं!”

आणि उलट बाजूने दुसरी आलीच. ती गेली तेव्हा सगळ्या वरातीत फक्त कोंबडीच फडफडत होती.

वागियेमने दोरी सोडली. बांबू वर गेले. कसिमान तरीही जागचा हलला नाही.

“आता या की!” घसा फाटेस्तोवर ती ओरडली.

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मगच रुळांवर पाऊल टाकलं. वागियेम ढसाढसा रडत होती आणि हसतही होती. कपाळावरची काळी महिरप ओघळून हनुवटीपर्यंत आली, आणि त्याच तोंडाने तिचं लग्न लागलं.