खंडेनवमीला चालू ठेवलेला ब्लोअर

मी सांडपाणी साफ करायच्या प्रकल्पावर नोकरीला आहे म्हटलं की नातेवाईक नाक दाबतात. दाबा म्हणावं! तुमचंच आहे ते, माझ्या माहेरचं नाही.

तिथं पाणी यंत्र साफ करत नाही, जंतू करतात. टाकीतले जंतू घाण खातात, आणि त्यांना श्वास मिळावा म्हणून ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारं यंत्र, रात्रंदिवस घरघरत असतं. साफ झालेलं पाणी खाम नदीत जातं. तिथून थोडं खाली माझ्या सासूबाईंचा पालक-मेथीचा मळा आहे. त्यांना मी आत्या म्हणते. पूर्वी पडेगावच्या नाक्यावर बायका त्यांची जुडी हुंगायच्या अन् "गटारावरची दिसते" म्हणून परत ठेवायच्या. प्रकल्प आला, नदीचा वास गेला, तेव्हा कुठं आत्यांचा पालक मान वर करून खपायला लागला.

मागच्या खंडेनवमीला आमच्या साहेबांना भक्तीचा उमाळा आला. अवजारं पुजायची आणि पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. साहेबांनी ब्लोअर बंद करून त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मी कळवळून सांगत होते, पण ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तोवर टाकी काळीठिक्कर पडली होती. जंतू हवेवाचून मेले होते. पार दिवाळीपर्यंत नदीला काळं पाणी गेलं आणि आत्यांची भाजी नाक्यावर सुकून गेली. "आणखी एकदा असं झालं तर मळा मोडते बघ," त्या म्हणाल्या.

यंदा नवरात्र बसलं तसं माझं डोकं तापायला लागलं. नवमीच्या आदल्या संध्याकाळी आत्या विळे-खुरपी घासत होत्या. मी म्हटलं, "उद्या मी ब्लोअर बंद करू देणार नाही. नोकरी गेली तर गेली."

त्यांनी डोळे वटारले. "नवमीला यंत्र चालू? असं कुठं असतंय व्हय? माझा इळा बी उद्या पाटावर. रीत म्हंजी रीत."

घ्या! जिच्या मळ्यासाठी भांडायचं तीच साहेबांच्या बाजूनं. माझा पारा चढला. "आत्या, पोळ्याला बैल औतातून सोडता, पण त्याची वैरण बंद करता का? हवा म्हणजे त्या जंतूंची वैरणच आहे!"

 त्या खुरपं घासत राहिल्या.

सकाळी साहेब हार-नारळ घेऊन हजर. "मॅडम, बंद करा."

"नाही करणार."

"देवधर्म काही मानता की नाही?"

"लई मानते. म्हणूनच नदीत घाण सोडत नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

मी बटणांना पाठ लावून उभी राहिले. नोकरी मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू. पण हलले असते तर स्वतःला कधी माफ केलं नसतं.

तेवढ्यात फाटकातून आत्या आल्या, हातात पूजेचं ताट. साहेबांचा चेहरा खुलला. "मावशी, तुम्हीच समजवा सुनेला. आज यंत्र चालवतात का?"

 आत्या आता नाही म्हणाल्या की संपलंच सगळं.

त्या आमच्याकडं न बघता टाकीकडं गेल्या. पाणी फेसाळत होतं. त्यांनी कठड्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू ठेवला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि हात जोडले. इकडं साहेबांनी संधी साधून माझ्या खांद्यावरून बटणाकडं हात घातला.

"सायेब, हात मागं घ्या," आत्या तिथूनच ओरडल्या. "भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नाय. जेवायलेत ते."