विसरलात तरी चालेल

रोपांच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक आलं की मावशी त्याच्यापुढे दोन कुंड्या ठेवायची. "हा नेचा, थंड उत्तरेकडचा. माती सतत ओली हवी, ऊन सोसत नाही, जरा दुर्लक्ष झालं की रुसून बसतो. आणि हे जाड पानांचं फुलझाड. विसरलात तरी चालेल." गिऱ्हाईक हमखास दुसरी कुंडी उचलायचं.

आमच्या घरातला नेचा म्हणजे आई. तिला आवाज सोसत नाही, उजेड सोसत नाही, म्हणून घरातल्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीला कायम पडदा. माझ्या जन्माच्या वेळी तिची ही धाकटी बहीण चार दिवस मदतीला आली, ती मधल्या खोलीत राहिली ती राहिलीच. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. "तिचं काय, तिला काही लागत नाही," असं बाबा कौतुकाने सांगतात. या कौतुकाचा मला मनस्वी राग आहे.

यंदा दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या गावात आणखी एक दुकान काढलं आणि ते मावशीनेच सांभाळावं म्हणाले. राहायला वर गच्चीवरची खोली. ती खोली बघून आल्यापासून मावशी भांडी घासतानाही गुणगुणत होती. मग एकदा जेवताना तिने विषय काढला. आईने घास खाली ठेवून हात छातीला लावला.

"तू काय गं, कुठेही रुजशील," बाबा म्हणाले. "हिचं कसं व्हायचं?"

"बघू," मावशी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी ऑफिसातली कुंडी घरी आणली. मावशीनेच दिलेलं ते फुलझाड तिथे फायलींच्या कपाटामागे असायचं.

"फूल काही येत नाही बुवा याला. वाढलंय मात्र झकास, हातभर."

"वाढलं नाही, भाऊजी. उजेड शोधत ताणलंय."

"तूच म्हणाली होतीस ना, विसरलं तरी चालेल?"

"पाणी विसरलं तरी. ऊन नाही."

बाबा हसले. "मग तुझ्याकडेच ठेव. आणि हिच्या गोळ्या द्यायच्यात, लक्षात आहे ना?"

गोळ्या देऊन झाल्यावर मावशीने मालकांना फोन केला आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा. मला तिचाही राग आला. मग तिने कुंडी मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवली.

"इथे कुठे ऊन येतं?" मी विचारलं.

"येत नाही," ती म्हणाली. "पण याचं कोमेजणं लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. पानं जाड असतात ना."