थडग्यातल्या लाल रेघा

आज आम्ही इजिप्तच्या डोंगरातल्या एका राजाच्या थडग्यात उतरलो. पहिल्या दालनात भिंतभर देव कोरून रंगवले होते. पुढच्या दालनात मात्र बहुतेक नुसत्या आखलेल्या लाल रेघा होत्या. एका देवीचं तोंड कोरून झालं होतं आणि हात रेघेतच राहिले होते. आमचे गाईड म्हणाले, "राजा मध्येच वारला. त्याला पुरलं आणि काम तिथंच थांबलं."

जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अर्धवट सोडलं होय? यांना आपल्या सासूबाई हव्या होत्या." मला हसू आलं, पण नजर त्या रेघांवरून हलेना.

माझी आई गेली तेव्हा तिची एक गोधडी कच्च्या टाक्यांवर राहिली. अर्धी गोधडी घरात ठेवू नये, पुरी कर, असं सगळे सांगतात. मी सुई ओवते आणि ठेवून देते. पक्की शिवण घातली की कच्चे टाके काढून टाकायचे असतात, आणि तेवढेच तर तिच्या हातचे आहेत.

इथं रेघ ओढणाऱ्याचा हात कुठं थांबला तेसुद्धा दिसत होतं. कुणी ते पुरं केलं नव्हतं, आणि माणसं वाकून वाकून तेच बघत होती.

वर उन्हात आल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, "आईची गोधडी मी आता शिवणार नाही. तशीच पांघरणार."

"उसवेल की गं."

"जपून पांघरीन."

एवढं ठाम मी त्यांच्यापुढं कधी बोलत नाही. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि मी पोटभर पाणी प्यायले.