फक्त पाणी

शरयू परांजपे यांच्यावर अन्याय झाला तो १९८४ सालच्या सप्टेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सव्वासात वाजता, आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्षाच्या मासिक सभेत. सगळं सात मिनिटांत उरकलं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कुणी एक प्रश्नही विचारला नाही. इतिवृत्तात ओळ आली की सौ. परांजपे यांच्या निष्काळजीपणामुळे पक्षाचं कॉफीचं भांडं निकामी झालं, सबब त्यांच्या क्लबची मान्यता स्थगित. दोन वर्षं झाली, ती ओळ अजून तिथंच आहे. काकू मात्र पाच आठवड्यांपूर्वी गेल्या.

विनायककाकांचा फोन आला तेव्हा मी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये होते. "शरयू गेली गं, पहाटे," ते म्हणाले. आणि लगेच पुढे, "बंब कुणाकडे आहे सध्या? रविवारी माणसं यायचीत. चहा लागेल." मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी तिथंच बसकण मारली. बायको गेल्यावर काही तासांत माणूस बंबाची चौकशी करतो, यातलं दुःख कळायला त्या घरात वावरलेलं असावं लागतं.

बंब म्हणजे तेच कॉफीचं भांडं. ॲल्युमिनियमचं, विजेवर चालणारं, खाली तोटी असलेलं, शंभर कपांचं. काकूंनीच त्याला बंब म्हणायला सुरुवात केली. काउंटी पक्ष गल्लीबोळातल्या क्लबांना काय देतो, असं मी अमेरिकेत, या कॅरी गावात, आल्या आल्या विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक मान्यतेचं पत्र, आपल्या विभागाची मतदारयादी, सहा घडीची टेबलं आणि पाळीपाळीनं बंब. बाकी सगळं आपलं आपण." हे खरंच एवढंच असतं. पण पत्र नसेल तर यादी नाही, आणि यादी नसेल तर कुणाचं दार वाजवायचं ते कळत नाही. तुमचा क्लब मग नुसती भिशी उरतो.

आमच्या क्लबात सात-आठ मराठी-गुजराती घरं, दोन निवृत्त काळ्या शिक्षिका आणि एक पोस्टमन. काकू सेक्रेटरी. दिवसभर रिसर्च पार्कमध्ये औषधांच्या कंपनीत जंतूंच्या बशा तपासायच्या आणि संध्याकाळी तपकिरी स्टेशन वॅगन घेऊन दारं वाजवत फिरायच्या. प्रयोगशाळेची पांढरी चिकटपट्टी त्यांच्या पर्समध्ये कायम. डाळीचे डबे, कॅसेटी, टेबलांचे पाय, सगळ्यांवर पट्टी, पट्टीवर तारीख आणि 'श.प.'. काका म्हणायचे, "मी फार वेळ एका जागी बसत नाही, उगाच मलाही लावेल." मी नाशिकहून आलेली, हॉस्टेलच्या मेसविरुद्ध पत्रकं लिहून हात तयार झालेला, आणि इथं मत नसलेली विद्यार्थिनी. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला क्लिपबोर्ड दिला. "मत नाही तर नाही. पाय आहेत ना?"

आता मुद्द्याचं. त्या ऑगस्टात अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये उमेदवाराची भेट ठेवली होती. बंब आमच्या पाळीत आला होता. काकू उमेदवाराला आणायला गेल्या होत्या. मला वाटलं, एवढं मोठं भांडं असताना स्टोव्हवर पातेली कशाला? मी त्यात दोन गॅलन दूध ओतलं. साखर, चहा, ठेचलेलं आलं, सगळं आत. बटण दाबलं आणि बाहेर पत्रकं वाटायला गेले. त्या भांड्यात फक्त पाणी तापवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. परत आले तर दूध तळाला करपून कोळसा झालेलं, हॉलभर धूर, आणि उमेदवार दारात खोकत उभा.

बंब परत नेताना पक्षाच्या कचेरीतल्या मिसेस हॉलिसना काकू म्हणाल्या, "हे आमच्याकडून झालंय." आमच्याकडून. मी शेजारी उभी होते. माझं तोंड उघडलं नाही. नंतर दुसऱ्या एका क्लबनं त्यात कॉफी केली तर तिला आल्याचा आणि जळक्या दुधाचा वास, वर बंबही बंद पडला, आणि तिथून तक्रार सभेत गेली. दुसऱ्या क्लबांनी टेबलं मोडली होती, परत न करता गॅरेजात ठेवून घेतली होती, त्यांना कधी कुणी जाब विचारला नाही. आमची मान्यता सात मिनिटांत स्थगित झाली. म्हणून मी याला अन्याय म्हणते आणि म्हणतच राहणार.

त्या सभेत मी उठून ओरडले. पक्षपात म्हटलं, लाज म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं. फक्त दूध मी ओतलं, एवढंच म्हटलं नाही. काकूंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. गाडीत मी त्यांनाच बोलले, "तुम्ही घाबरता, काकू." त्या आरशात मागची गाडी बघत म्हणाल्या, "हो, तुझ्या आवाजाला. कान दुखतोय माझा." आणि पुढच्या सिग्नलला, "जेवून जा. आमटी आहे."

मी रात्री जागून पत्रक लिहिलं. अध्यक्षाचं नाव घेऊन, तीन उद्गारचिन्हं देऊन. विद्यापीठात सायक्लोस्टाइलवर भला थोरला गठ्ठा काढला आणि वाटायला काकूंकडे ठेवला. आठवडाभरानं विचारलं तर म्हणाल्या, "कागद छान आहे गं. मागची बाजू अगदी कोरी." मग कळलं, त्या रोज जेवणाच्या सुट्टीत निवडणूक कचेरीत जाऊन बसत होत्या. मतदारांचं रजिस्टर तिथं कुणालाही बघायला मिळतं. आमच्या विभागातली नावं, पत्ते त्या हातानं उतरवून घेत होत्या, माझ्या पत्रकांच्या पाठीवर! मी संतापले. "माझं पत्रक म्हणजे काय वाणसामानाची चिठ्ठी आहे?" त्या डबा पुसत म्हणाल्या, "ओरडून झालं की रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं तुझी."

नोव्हेंबरापर्यंत आम्ही त्या यादीवर दारं वाजवली. पक्षानं काही दिलं नाही, तरी पक्षासाठीच वाजवली. जानेवारीच्या सभेत मिसेस हॉलिसनी तो हस्ताक्षरातला गठ्ठा टेबलावर ठेवला, काकूंनी लिहिलेली बाजू वर करून, आणि इतर क्लबांची माणसं आपणहून उभी राहिली. मान्यता परत मिळाली. यादी मिळाली, टेबलं मिळाली. बंब दुरुस्त होऊन आला तेव्हा पहिली पाळी आमची. मी मात्र त्यानंतर त्याला हात लावला नाही. निष्काळजीपणाची ओळ तेवढी कुणी खोडली नाही. मी काकूंना म्हटलं, खोडायला सांगा. त्या म्हणाल्या, "कोण वाचतंय?"

मी वाचत होते, काकू. दोन वर्षं. प्रत्येक वेळी तुमच्या घरी जेवताना वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही आणखी भात वाढायचात...

काकांच्या फोननंतर मी बंब आणायला कचेरीत गेले. मिसेस हॉलिसनी कपाटातून तो काढला, मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "इकडे बघ. हे शरयूनं लावलंय, दुरुस्तीहून आला त्या दिवशी. यातलं इंग्रजी मला कळतं. खालचं काय आहे?" झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी. वर इंग्रजीत सूचना. खाली देवनागरीत, टपोऱ्या अक्षरात, 'फक्त पाणी. दूध वेगळं तापव.' तारीख आणि श.प.

"मी विचारलं होतं तिला, ही लिपी इथं कोण वाचणार?" मिसेस हॉलिस म्हणाल्या. "ती म्हणाली, जिच्यासाठी आहे ती वाचेल."

तापव. तापवा नव्हे, तापवावे नव्हे. त्या अख्ख्या काउंटीत ज्या मुलीला त्या असं म्हणू शकत होत्या, ती एकच होती. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तो भात वाढला जात होता. दोन वर्षं छातीवर ठेवलेली ती झाकणाएवढी गोष्ट त्या कपाटापुढे उतरली. मी रडले, पण खरं सांगते, ते सुटल्याचं रडणं होतं. आणि ते माझं भिकार पत्रक कुणाच्या दारात पोचलं नाही, याचंही त्या दिवशी फार बरं वाटलं.

रविवारी काकूंच्या घरी माणसं मावत नव्हती. बंबात पाणी तापत होतं, आणि शेजारच्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, मी दूध तापवत उभी होते. विनायककाका येऊन झाकण उचलून बघून गेले. दोनदा. दुसऱ्यांदा पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शेवटी मलाच नाही लावली."

मिसेस हॉलिसना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. काकांना सांगितलं. आता तुम्हाला सांगितलं. पण इतिवृत्तातली ओळ सांगून जात नाही, तिला ठराव लागतो, आणि ठराव मांडायला मत लागतं. मला ते नाही. तुम्हाला आहे. इथल्या मराठी मंडळींच्या या पुरवणीच्या वाचकांतले निम्मे तरी इथले नागरिक आहात, काकूंनी तुमचीही दारं वाजवली आहेत, त्यांच्या हातचा चहा तुम्ही प्यायला आहात. येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, काउंटी पक्षाच्या सभेला या. शेवटच्या रांगेत बसू नका. मी उभी राहून सांगेन की दूध मी ओतलं. तुम्ही हात वर करा आणि ती ओळ खोडा.